पाच हातांचं डोकं

ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यात सापडलेला तारामासा अलगद उचलून पाण्यातच उताणा ठेवला, तर सुरुवातीला तो मेल्यासारखा पडून राहतो. थोड्या वेळाने एका हाताचं टोक वळायला लागतं. त्या टोकाखालून दोऱ्याएवढे बारीक पाय बाहेर येतात आणि खडक चाचपू लागतात. एकाला पकड मिळाली की शेजारचा चिकटतो, मग त्याच्या शेजारचा, आणि तो हात पीळ घेत पालथा होतो. दुसरा हात, कधी तिसराही, त्याच बाजूने ओढ लावतो. मग समोरचे हात आपली धडपड सोडून देतात, खडकावरून उचलले जातात आणि अख्खा प्राणी संथ कोलांटी घेऊन पुन्हा पोटावर येतो. हर्बर्ट जेनिंग्ज या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९०७ साली तारामाशाच्या वागण्यावर जे सविस्तर लिहिलं, त्यात या कोलांटीचा मोठा भाग आहे.

पुढाकार दर वेळी एकच हात घेतो असं नाही. आज एक, उद्या दुसरा. पाच हातांनी पाच दिशांना ओढलं तर त्यांच्यात समेट घडवणारा मेंदू या प्राण्याकडे नाही. तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं आणि त्यातून प्रत्येक हातात गेलेली एकेक मज्जारज्जू, एवढ्यावर सगळा कारभार चालतो. वर आणि खाली या दोन बाजू त्याला कळतात, पण त्याला पुढचं-मागचं नाही आणि डावं-उजवंही नाही.

मग त्याचं डोकं कुठे असतं? प्राणिशास्त्रज्ञांनी हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षं चघळला. त्याचं जे उत्तर २०२३ मध्ये हाती आलं ते कुणाच्याच अपेक्षेत नव्हतं. पण ते समजायला आधी या प्राण्याचं शरीर, त्याचं गोत आणि त्याचं बालपण पाहावं लागतं.

समुद्राबाहेर कुणीच नाही

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तारामाशाची गाठ पडते ती ‘कंटकचर्मी’ या संघात. आज या संघाच्या सुमारे सात हजार जाती जिवंत आहेत आणि त्यांचे पाच वर्ग आहेत: तारामासे, ब्रिटल स्टार, सी-अर्चिन, समुद्रकाकड्या आणि फेदर स्टार व सी-लिली यांचा एक. भरती-ओहोटीच्या पट्ट्यापासून दहा हजार मीटरहून खोल दऱ्यांपर्यंत त्यांचा वावर आहे. पण नदीत, तळ्यात किंवा जमिनीवर राहणारी त्यांची एकही जात नाही.

याचं कारण त्यांच्या शरीरातल्या द्रवात आहे. माशांची आणि खेकड्यांची शरीरं आतल्या क्षारांचं प्रमाण सांभाळू शकतात. कंटकचर्मींना मूत्रपिंड नाही आणि ती सोयही नाही. त्यांच्या अंगातला द्रव जवळजवळ समुद्राच्या पाण्याइतकाच खारट असतो. बाहेरचं पाणी फार गोडं झालं की ते त्यांच्या अंगात शिरून पेशी फुगवतं. काही जाती बाल्टिक समुद्रासारख्या कमी खाऱ्या पाण्यातही तग धरतात, पण त्यापलीकडे त्यांची मजल जात नाही. कोकणातल्या खाड्यांत पावसाळ्यात नद्यांचं पाणी भरतं, ते कालवं आणि खेकडे सोसून नेतात. तारामासे आणि सी-अर्चिन पाहायचे तर खाडीपेक्षा खुल्या समुद्राच्या कडेचा खडकाळ किनारा गाठावा लागतो.

पाण्याच्या दाबावर चालणारे पाय

तारामाशाच्या पाठीवर, मध्यापासून जरा बाजूला, शर्टाच्या बटणाहून लहान अशी एक खडबडीत तबकडी दिसते. तिच्यावर सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून समुद्राचं पाणी आत जातं, एका उभ्या नळीतून तोंडाभोवतीच्या गोल नळीत उतरतं आणि तिथून पाच फाटे फुटून पाचही हातांच्या टोकांपर्यंत पोचतं. प्रत्येक फाट्याला दोन्ही बाजूंनी बारीक नळ्या जोडलेल्या असतात. तेच नलिकापाद. एका मध्यम आकाराच्या तारामाशाला असे शेकडो पाय असतात.

प्रत्येक नलिकापादाच्या वरच्या टोकाला, शरीराच्या आत, एक छोटी पिशवी असते. शाईच्या ड्रॉपरचा रबरी फुगा दाबावा तशी ती आकसते, पाणी खाली ढकललं जातं आणि पाय लांब होतो. पायाच्या स्नायूंनी तो आखडला की पाणी परत पिशवीत जातं. पायाच्या तळव्याला चिकटवण्याचं काम मुख्यतः चोषण करतं असं बरीच वर्षं मानलं जात होतं. आता कळलंय की तळव्यातल्या एका प्रकारच्या ग्रंथी चिकट प्रथिनं सोडतात आणि दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी ती पकड सोडवणारा द्रव. तारामासा काचेवरून पुढे सरकला की मागे त्याच्या पावलांचे गोल ठसे उरतात. ते रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात.

कातडीखाली चुनखडीच्या असंख्य छोट्या तुकड्यांचा सांगाडा असतो. प्रत्येक तुकडा कॅल्साइटचा एकसंध स्फटिक असतो, पण त्याच्यात इतकी भोकं असतात की अर्धी जागा जिवंत पेशींनीच व्यापलेली असते. त्यामुळे तो हलका असूनही सहज तडकत नाही. तुकड्यांना जोडणारं ऊतक तर त्याहून नवलाचं. त्यातलं कोलॅजन मज्जासंस्थेच्या इशाऱ्यावर काही सेकंदांत ताठ होतं किंवा सैल पडतं. तारामासा हातात घेतला की तो लाकडासारखा घट्ट लागतो आणि तोच प्राणी थोड्या वेळाने खडकाच्या फटीत अंग घालून मुडपून बसतो. ताठ राहायला त्याला स्नायू सतत आवळून धरावे लागत नाहीत, म्हणून शक्तीही जवळजवळ खर्च होत नाही.

या सगळ्या व्यवस्थेचा कस लागतो जेवताना. शिनाण्यावर चढलेला तारामासा त्याच्या दोन शिंपल्यांना दोन्हीकडून नलिकापाद चिकटवतो आणि ओढ लावतो. शिनाणं आतून शिंपला मिटून धरतं. ही रस्सीखेच काही तास चालू शकते. तारामाशाचे पाय आळीपाळीने काम करतात, शिनाण्याच्या स्नायूला तशी उसंत नसते. शिंपले मिलिमीटरच्या अंशाएवढे उघडले तरी पुरे. तारामासा आपलं जठर तोंडातून बाहेर उलटतो, त्या फटीतून शिंपल्यात सोडतो आणि शिनाणं त्याच्याच घरात पचवतो. काम झालं की जठर पुन्हा आत ओढून घेतो. मागे उरतो तो चाटूनपुसून लख्ख केलेला रिकामा शिंपला.

हातांच्या टोकाला एक लालसर ठिपका असतो, तो डोळा. त्यात भिंग नसतं. २०१४ मध्ये अँडर्स गार्म आणि डॅन-एरिक निल्सन यांनी निळ्या लिंकिया तारामाशांना प्रवाळाच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर वाळूत नेऊन ठेवलं. डोळे शाबूत असलेले तारामासे भिंतीच्या दिशेने निघाले. ज्यांचे डोळे काढले होते ते तितक्याच वेगाने चालले, पण वाट फुटेल तिकडे.

याच लिंकियाच्या काही जाती एका तुटलेल्या हातापासून अख्खा तारामासा उभा करतात. एक लांब हात आणि त्याच्या बुडाशी फुटू लागलेले चार इवलेसे हात, असे नमुने प्रवाळांत सापडतात. बहुतेक तारामाशांना मात्र हाताबरोबर मधल्या चकतीचा तुकडा लागतो. कालवांच्या शेतीत त्रास देणारे तारामासे कापून पुन्हा समुद्रात टाकण्याचा उपाय पूर्वी काही ठिकाणी झाला, तो याच कारणाने अंगाशी येण्यासारखा होता.

पाच घराणी

पाच हात हा नियम तारामासेही नेहमी पाळत नाहीत. भारतीय किनाऱ्यांवरच्या लुइडिया मॅक्युलाटाला सात ते नऊ हात असतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सूर्यफूल तारामासा पाच-सहा हातांनी आयुष्य सुरू करतो आणि वाढत वाढत चोवीसपर्यंत जातो. पूर्ण वाढलेल्याचा व्यास एक मीटर भरतो.

ब्रिटल स्टार हे संघातले चपळ गडी. मध्ये छोटी गोल चकती आणि तिला जोडलेले सापासारखे वळवळणारे पाच लवचीक हात. ते नलिकापादांवर न चालता हात वल्ह्यासारखे मारत सरकतात आणि शत्रूने हात धरला तर तो तोडून निसटतात. त्यांच्यातल्या ऑफिओकोमा वेंड्टी या जातीच्या हातांवर स्फटिकाचे सूक्ष्म भिंगाकार फुगवटे आहेत. ते डोळ्यांचं काम करत असावेत असा अंदाज २००१ मध्ये मांडला गेला आणि बराच गाजला. २०१८ मध्ये लॉरेन समनर-रूनी यांच्या गटाने दाखवलं की प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्या फुगवट्यांच्या खाली नसून त्यांच्या मधल्या जागेत आहेत. पुढे २०२० मध्ये याच गटाला आढळलं की हा प्राणी दिवसा, कातडीतला गडद रंग पसरलेला असताना, सावलीची जागा नजरेने हेरतो. एकही डोळा नसताना.

सी-अर्चिनच्या गोल कवचावर काटे असतात आणि काट्यांच्या मधून लांब नलिकापाद डोकावतात. तारामाशाचे पाचही हात वर उचलून टोकं एकत्र जोडली तर जी रचना होईल, ती साधारण सी-अर्चिनची. त्याच्या तोंडात पाच दातांचा एक गुंतागुंतीचा जबडा असतो. त्याचं वर्णन ॲरिस्टॉटलने करून ठेवलंय, म्हणून त्याला आजही ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात. दात टोकाला झिजतात तसे मागून वाढत राहतात आणि झिजताना आपोआप धारदार होतात. काही जाती या दातांनी आणि काट्यांनी खडकात स्वतःपुरता खळगा कोरतात. वाळूत राहणारे सँड डॉलर हे त्यांचेच चपटे भाऊबंद. किनाऱ्याला लागलेल्या त्यांच्या पांढऱ्या कवचावर पाच पाकळ्यांची नक्षी असते. पाकळ्यांच्या कडेने दिसणारी छिद्रं नलिकापादांची.

सी-अर्चिनचं आयुष्यही दांडगं. पॅसिफिकच्या पूर्व किनाऱ्यावरचे लाल सी-अर्चिन शंभर वर्षांहून अधिक जगतात, हे अणुचाचण्यांमुळे समुद्रात पसरलेल्या कार्बन-१४ च्या खुणा त्यांच्या सांगाड्यात मोजून पक्कं झालं. इतक्या वयातही त्यांची प्रजननक्षमता टिकून असते.

समुद्रकाकडीने पाच भागांचा आराखडा ठेवला, पण ती आडवी पडली. तोंड एका टोकाला, गुद दुसऱ्या टोकाला. सांगाडा विरघळून सूक्ष्मदर्शकानेच दिसतील असे कण तेवढे कातडीत उरले. ती श्वास घेते गुदद्वारातून. आतल्या फांद्याफांद्यांच्या दोन नळ्यांत पाणी भरायचं आणि सोडायचं. याच दारातून सडपातळ पर्लफिश आत शिरतो आणि दिवसभर तिथे मुक्काम ठोकतो. फार छेडलं तर काही समुद्रकाकड्या चिकट धागे फेकतात, काही तर आतडीच बाहेर टाकतात आणि काही आठवड्यांत नवी घडवतात. वाळू गिळायची, तिच्यातलं सेंद्रिय खाद्य घ्यायचं आणि स्वच्छ वाळू मागे सोडायची, हा त्यांचा नित्याचा उद्योग. खोल समुद्राच्या चिखलात मोठ्या प्राण्यांमध्ये बऱ्याचदा त्यांचंच राज्य असतं.

पाचवं घराणं सर्वांत जुन्या वळणाचं. फेदर स्टार आणि देठावर उभ्या राहणाऱ्या सी-लिली यांचं तोंड वर असतं आणि पिसांसारखे हात प्रवाहात धरून ते अन्नकण गाळून घेतात. देठाच्या सी-लिलींचे बहुतेक नातेवाईक जीवाश्मांतच उरलेत असा समज होता. १८६४ मध्ये नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ खोल पाण्यातून एक जिवंत नमुना वर आला. मायकेल सार्स यांनी १८६८ मध्ये त्याचं वर्णन छापलं. समुद्राच्या तळाशी पुरातन जीव अजून असतील या आशेला त्यामुळे बळ आलं आणि १८७२ च्या ‘चॅलेंजर’ मोहिमेमागच्या प्रेरणांमध्ये तीही एक होती.

या संघाचे जीवाश्म सुमारे ५२ कोटी वर्षं मागे जातात आणि त्यांतले अगदी सुरुवातीचे प्राणी पाच भागांचे नव्हतेच. काही डावं-उजवं असलेले होते, काही वाकडेतिकडे, तर हेलिकोप्लाकससारख्यांच्या अंगावर तीन पट्टे होते. आपल्याकडेही हा इतिहास दगडात आहे. दख्खनच्या काळ्या दगडाचे थर पसरण्याआधी समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, लेण्यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या बागच्या परिसरातल्या चुनखडकांत त्या काळचे सी-अर्चिन आजही मिळतात.

अळीच्या डाव्या बाजूला

तारामाशात नर आणि मादी वेगळे असतात, पण बाहेरून सारखेच दिसतात. हंगाम आला की दोघेही अंडी आणि शुक्रपेशी सरळ पाण्यात सोडतात. एका मादीची अंडी लाखांच्या घरात जातात. फलित अंड्याच्या दोन पेशी होतात, चार, आठ, मग पोकळ चेंडू. चेंडूच्या एका ठिकाणी खळगा पडतो आणि आत आतड्याची नळी तयार व्हायला लागते. कीटकांत आणि गोगलगायींत या खळग्यापासून साधारणपणे तोंडाची बाजू घडते. तारामाशात त्याचं गुदद्वार होतं आणि तोंड नंतर दुसरीकडे फुटतं. माशांत, पक्ष्यांत, माणसांतही क्रम हाच. प्राण्यांच्या वंशवृक्षावर तारामासा खेकड्यापेक्षा माणसाला जवळचा आहे, याचा पहिला पुरावा भ्रूणाच्या या खळग्यात मिळाला.

पुढे जी अळी होते तिच्यात तारामाशाची काहीच खूण नसते. काचेसारखी पारदर्शक, डावं-उजवं नीट असलेली, अंगभर वळसे घेतलेल्या केसाळ पट्ट्यांनी पोहणारी आणि सूक्ष्म शैवाल खाणारी. काही आठवडे ती लाटांबरोबर वाहत राहते. तेवढ्यात तिच्या आत, डाव्या बाजूच्या एका पिशवीला पाच उंचवटे फुटतात. तेच पुढचे पहिले नलिकापाद. उजव्या बाजूची जोडीची पिशवी मात्र खुरटते. अळीची डावी बाजू तारामाशाची तोंडाची बाजू होते आणि उजवी बाजू पाठ.

तळावर उतरण्याजोगी जागा मिळाली की अळी तीन आखूड बाहूंनी तिला चिकटते. मग उलथापालथ सुरू होते. अळीचं शरीर आकसत जातं, बरंचसं शोषलं जातं, जुनं तोंड मिटतं आणि नवं तोंड उघडतं. जो प्राणी बाहेर चालत येतो तो मिलिमीटरभरही नसतो. लुइडिया सार्सी या जातीत तर पिल्लू सुटून तळावर पडलं तरी उरलेली अळी काही काळ एकटीच पोहत राहते.

सगळ्याच जाती एवढा लांबचा रस्ता घेत नाहीत. थंड पाण्यातल्या काही तारामाशांच्या माद्या मोजकी, बलकाने भरलेली अंडी घालतात आणि तोंडाखाली धरून त्यांच्यावर बसून राहतात. त्यांच्या पिल्लांना तरंगणाऱ्या अळीचा टप्पाच नसतो.

अंड्यांनी शिकवलेलं

सी-अर्चिनची अंडी पारदर्शक असतात, हजारोंनी मिळतात आणि बशीभर समुद्राच्या पाण्यात वाढतात. जीवशास्त्रज्ञांना आणखी काय हवं? १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविगने सी-अर्चिनच्या अंड्यात शुक्रपेशीचं केंद्रक अंड्याच्या केंद्रकात मिसळताना पाहून फलन म्हणजे काय ते दाखवलं. १८९१ मध्ये हान्स ड्रीशने दोन पेशींच्या अवस्थेतला भ्रूण हलवून पेशी सुट्या केल्या. अर्ध्या अळ्या मिळतील अशी त्याची अपेक्षा होती. एकेका पेशीपासून आकाराने लहान, पण पूर्ण अळी वाढली.

त्याआधी, १८८२ च्या डिसेंबरमध्ये, सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेच्निकोफ तारामाशांच्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. अळीच्या अंगात फिरणाऱ्या पेशी बाहेरून घुसलेल्या वस्तूवर चाल करून जात असतील, अशी शंका त्याला आली. त्याने बागेतल्या गुलाबाचे काटे आणून पारदर्शक अळ्यांत टोचले. सकाळी पाहतो तर प्रत्येक काट्याभोवती त्या पेशींचा गराडा पडला होता. रोगजंतू गिळणाऱ्या पेशींचा अभ्यास तिथून सुरू झाला आणि १९०८ मध्ये त्याला पाउल एर्लिखबरोबर नोबेल मिळालं. २००६ मध्ये जांभळ्या सी-अर्चिनचा जीनोम वाचला गेला तेव्हा सुमारे २३,३०० जनुकं आढळली. त्यांतली २२२ टोल-सारख्या ग्राहकांची, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या पहाऱ्याची होती. माणसात अशी दहा आहेत.

टिम हंटचा शोधही याच बशीतला. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होल इथे सी-अर्चिनची फलित अंडी विभागताना त्याला एक प्रथिन दिसलं. ते साठत जायचं आणि पेशी दुभंगताना अचानक नाहीसं व्हायचं. पुढच्या विभाजनाआधी पुन्हा साठायला लागायचं. त्याने त्याला सायक्लिन नाव दिलं. पेशीच्या विभाजनाचं घड्याळ उलगडणाऱ्या या कामासाठी २००१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. कर्करोगाच्या संशोधनात हे घड्याळ आता पायाभूत मानलं जातं.

जनुकांचा नकाशा

बहुतेक प्राण्यांत भ्रूणाचं डोकं कुठे, धड कुठे, शेपटी कुठे हे ठरवणाऱ्या जनुकांचा क्रम जवळजवळ सारखाच असतो. माशीत, माशात, उंदरात तीच जनुकं, त्याच क्रमाने. तारामाशात ही जनुकं आहेत, पण पाच बाजूंच्या शरीरावर ती कशी वाटलेली आहेत? काहींना वाटायचं की प्रत्येक हात म्हणजे एकेका शरीराची प्रत. काहींच्या मते जुना अक्ष वरून खाली, तोंडाकडून पाठीकडे गेला असावा.

लॉरां फॉर्मरी, क्रिस्टोफर लोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅटिरिया मिनिआटा या तारामाशाचे हात अतिशय पातळ कापांत चिरले आणि कुठल्या कापात कुठलं जनुक चालू आहे ते मोजलं. नकाशा जुळवल्यावर दिसलं की डोक्याच्या सर्वांत पुढच्या भागाची जनुकं प्रत्येक हाताच्या मध्यरेषेत, नलिकापादांच्या रांगेत चालू आहेत. तिथून हाताच्या कडांकडे जावं तसतशी डोक्याच्या मागच्या भागाची जनुकं क्रमाने येतात. धडाची जनुकं मात्र शरीराच्या बाह्यस्तरात चालूच नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये हा शोधनिबंध आला. जनुकांच्या भाषेत तारामासा म्हणजे धड गळून पडलेलं आणि ओठांवर चालणारं, पाच दिशांना पसरलेलं डोकं. कोलांटी घेताना पुढाकार घेणाऱ्या हाताला मालकाचं डोकं शोधावं लागत नाही. तो हातच डोक्याचा भाग आहे.

एका जातीच्या जाण्याने

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर मकाह बे इथे रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून खडकाच्या एका पट्ट्यावरचे पिसास्टर तारामासे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली. पाहता पाहता शिनाण्यांनी तो पट्टा व्यापला. पूर्वी तिथे राहणाऱ्या पंधरा जातींच्या आठ झाल्या. एक शिकारी जात अख्खी वस्ती सांभाळून असते, ही ‘कीस्टोन जाती’ची कल्पना पेन यांनी या कामावरून मांडली.

त्याच किनाऱ्यावर २०१३ मध्ये तारामाशांची साथ आली. अंगावर पांढरे डाग, मग हात पिळवटून गळून पडणं आणि काही दिवसांत शरीराचा लगदा. अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत वीसहून अधिक जाती तिच्या तडाख्यात सापडल्या. सूर्यफूल तारामाशांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गेले आणि २०२० मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त ठरवण्यात आलं. तो सी-अर्चिन खातो. तो नाहीसा झाला, पाणीही तापलं, सी-अर्चिनांनी केल्प या शैवालाची जंगलं फस्त केली आणि उत्तर कॅलिफोर्नियात केल्पच्या छत्राचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग गेला.

आधी एका विषाणूवर संशय होता, तो टिकला नाही. अलिसा गेमन, मेलनी प्रेंटिस आणि सहकाऱ्यांनी ऊतकाऐवजी तारामाशाच्या अंगातला द्रव तपासला. आजारी प्राण्याचा हा द्रव निरोग्याला टोचला की तो आजारी पडे. तोच द्रव तापवला किंवा गाळला की काही होत नसे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी कारण जाहीर केलं: व्हिब्रियो पेक्टेनिसिडा हा जिवाणू. अंगात समुद्र वागवणाऱ्या प्राण्याच्या आजाराचा माग त्या समुद्रातच लागला.

माणसाच्या हावेचा फटका वेगळाच. वाळवलेल्या समुद्रकाकड्यांना पूर्व आशियात मोठी किंमत मिळते. भारताने २००१ मध्ये सर्व समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या, तरी तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून आणि लक्षद्वीपमधून होणाऱ्या तस्करीची प्रकरणं पुढे येत राहिली. २०२० मध्ये लक्षद्वीपमध्ये चेरियापाणी इथलं २३९ चौरस किलोमीटर क्षेत्र समुद्रकाकड्यांसाठी राखीव झालं.

तिकडे वॉशिंग्टनमधल्या फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेत २०१९ पासून सूर्यफूल तारामाशांची पैदास चालू आहे. अंडी फलित करायची, अळ्यांना शैवाल भरवायचं, तळावर उतरवायचं आणि मिलिमीटरभर पिल्लांना हळूहळू मोठं करायचं. रोगाचा जिवाणू आता ओळखीचा झालाय, त्यामुळे ही पिल्लं समुद्रात सोडण्याआधी ती आणि ते पाणी दोन्ही तपासता येतील. साथीतून वाचलेल्यांपैकी कुणाच्या अंगात हा जिवाणू टिकत नाही, हेही आता शोधता येईल.